रेस देऊन घेतलेलं माप

— नाही हो, पंख्यांना नावं नाही ठेवत मी. इंजिन गार ठेवणारा, पट्ट्यावर फिरणारा हा जुना पंखा काढायचा, दोन इलेक्ट्रिक बसवायचे, गाडी हलकी पळते — सगळं खरं. पण त्यांना वीज कोण देणार? बॅटरी? बॅटरी नुसती साठवते. वीज बनवतो हा — इथे, खाली वाकून बघा — अल्टरनेटर. तुमच्या पिकअपचा आहे साठ अँपिअरचा. दोन पंखे मिळून चाळीस खातात, उरले वीस, त्यात दिवे, एसी, तुमची गाणी — म्हणाल, भागतंय की! मीही असंच म्हणालो होतो. पण साठ तो देतो कधी? गाडी पळताना. उभ्या गाडीत इंजिन संथ झालं की निम्मेही देत नाही — आणि पंख्यांची खरी गरज तेव्हाच, समोरून वारा नसतो ना!

म्हणालो होतो म्हणजे — विचारताय म्हणून सांगतो. नव्हतं विचारलं? बरं, तरी ऐका. माझ्या ताईचे यजमान, आमचे दाजी, शिवणयंत्रं दुरुस्त करतात. त्यांची पिकअप अगदी अशीच. पंखे मीच गळ्यात मारले त्यांच्या. मीटर लावला, रेस दिली — 'बघा दाजी, चौदा व्होल्ट, पोटभर!' रेस सोडून, सगळं चालू करून पुन्हा बघायला किती वेळ लागतो? एक मिनिट. तेवढंच नाही केलं. तेवीस वर्षं हेच करतोय मी. घाई होती? छे. दाजींसमोर मिरवायचं होतं, दुसरं काही नाही.

मग एकदा भर दुपारी, रस्त्याचं काम चाललेलं, गाड्यांची ही लांब रांग — तासभर मुंगीच्या पावलांनी. ताई शेजारी, तिला उकाडा सोसत नाही म्हणून एसी चालू. बॅटरी उतरत गेली, पंखे मंदावले, इंजिन तापलं. दाजी खाली उतरले आणि रेडिएटरचं झाकण उघडलं. — हो. उकळतं पाणी. उजवा हात, कोपरापर्यंत.

मी हॉस्पिटलात पोचलो आणि तोंडातून पहिलं काय निघालं? 'दाजी, तापल्या इंजिनाचं झाकण उघडतं का कुणी?' सगळ्यांसमोर! आता, चूक होतीच ती — पण त्या झाकणापर्यंत त्यांना नेलं कुणी? ताईने माझं वाक्य जे धरलंय ते धरलंय. अजून ऐकवते त्यांना, 'माझ्या भावाने एवढं चांगलं काम करून दिलं, तुम्ही मातेरं केलंत.' ते मान खाली घालून म्हणतात, 'हो गं, माझंच चुकलं.' आणि मी — मी तिथेच बसून चहा पितो.

गाडी इथे आणली तेव्हा सगळं चालू करून, रेस न देता माप घेतलं. साडेअकरा व्होल्ट — म्हणजे बॅटरी भरत नव्हती, उपसली जात होती. मग गुपचूप मोठा अल्टरनेटर टाकला, दाजींना म्हटलं, माझ्याकडून भेट. डोळे भरून आले हो त्यांचे — 'किती करतोस रे आमच्यासाठी!' तेव्हा तरी बोलायचं होतं की नाही? लाज वाटते मला, दुसरा शब्द नाही. मशीनचा बारीक स्क्रू धरता येत नाही आता त्यांना. सांगायला म्हणून जातो आणि भलतंच काही बोलून परत येतो. तुम्ही परके, म्हणून जमलं.

असो. तुमचं आधी अल्टरनेटर, मग पंखे. — आणि माझा पत्ता कुणी दिला तुम्हाला? … कोण? शिवणयंत्रवाले? … 'डोळे झाकून जा, माझा मेव्हणा आहे' — असं म्हणाले? … आणि हाताबद्दल? तेही सांगितलं? … आपल्याच मूर्खपणाने भाजला म्हणाले…

बॉनेट लावा. लावा हो. आज नाही व्हायचं काम. — आणि हे बघा, भेटले तर त्यांना सांगा — नको. काही सांगू नका. निघा तुम्ही.