आजोबांच्या वाटचा बदाम

या माउलींनो, जरा जवळ सरका. भिवंडी स्थानकात, वज्रेश्वरीच्या एसटीच्या रांगेत कानी पडलेली गोष्ट ऐका. दात गेलेली ठमाबाई आणि तिची नात मेघाली पुढे उभ्या होत्या. लडकूआजोबा गेल्यापासून आजी धड जेवत नव्हती, म्हणून नातीच्या जिवाला घोर लागला होता.

“आजी, या डबीतलं बोटभर तरी चाट. चक्कर येऊन पडशील.”

“दाण्याचं हाय ना? त्यांच्या आवडीचा दाणा मी वरीसभर सोडलाय.”

“म्हणून तर बदामाचं केलंय! भाजून, मिक्सरला लावून. पीनट बटरपेक्षा पौष्टिक, आणि चावायलाही नको.”

“बदाम? त्यांना जल्मात मिळाला न्हाय. त्यांच्याआधी मी खाऊ?”

मग मेघालीने तांदळाच्या भाकरीच्या तुकड्याला ते बदामाचं लोणी लावलं आणि तुकडा कुंपणाच्या भिंतीवर ठेवला. कावळा झडप घालून आला.

“घाई बघ त्याची, आजी!”

“अगदी तुझ्या आजोबासारखी. आण आता इकडं.”

“कसं लागतंय?”

“ग्वाड हाय. पन त्यांना दाणाच बरा वाटला असता.”

तर माउलींनो, ताटात काही नवं आलं, की पहिल्या घासाला लडकूआजोबांची आठवण ठेवा.