सारजावहिनींची वाघर

आजच्या सत्कार समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या उपसा सिंचन संस्थेचे चेअरमन आदरणीय हिंदुराव आबा, व्यासपीठावरचे सर्व संचालक, इंदापूर-बारामतीहून कामधाम सोडून आलेले सभासद, जमलेल्या माता-भगिनींनो, आणि गळ्यात हार पडल्यापासून अवघडून बसलेले आमचे पंप ऑपरेटर दत्तोबा व सारजावहिनी,

दत्तोबांच्या वक्तशीरपणाबद्दल आबा बोललेच आहेत. मी तुम्हाला जरा मागं नेतो, ब्याण्णवच्या उन्हाळ्यात. काय दिवस होते ते! उजनीचं पाणी इतकं खाली गेलं होतं, की एरवी पाण्यात उभ्या असलेल्या जॅकवेलपर्यंत, म्हणजे पंपाच्या विहिरीपर्यंत, आम्ही चालत गेलो. तिथं विहिरीच्या पायाखालची माती पाण्यानं कोरून नेली होती. काठावरून पंपाला वीज नेणारी केबल तळाला टेकलेली हवी, ती कपड्यांच्या दोरीसारखी अधांतरी लोंबत होती. केबल घासून तुटली असती, विहीर कलली असती, तर तीन गावांचा ऊस उभा वाळला असता.

मी तेव्हा नवा इंजिनिअर. अंगात इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात पुस्तकं. ट्रॅक्टर लावून ट्रॉल्याच्या ट्रॉल्या दगड ओतला आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. पहिल्याच पुरानं सगळा दगड नेला. पुढच्या उन्हाळ्यात त्याच खड्ड्याशी डोकं धरून बसलो होतो, तेव्हा रोजंदारीवरचे दत्तोबा हळूच म्हणाले, “साहेब, सुटी मेंढरं एका जागी ऱ्हात्यात व्हय? दगडाला वाघर लावा की.”

वाघर म्हणजे मुक्कामाला मेंढरांभोवती ठोकायची जाळी, हे इथं कुणाला सांगायला नको. मी हसलो. दत्तोबा मात्र घरी गेले आणि वहिनींसह वाघर घेऊनच आले. नोकरी कायम होणार या भरवशावर त्यांनी मेंढरं नुकतीच विकली होती. वहिनी म्हणाल्या, “आता कुठं मेंढरामागं जातोय आमी? न्या.” बोलताना हात मात्र जाळीवरच होता. मी म्हटलं, “पावसाळा झाला की परत देतो.”

परत देतो म्हटलेली तीच वाघर डांबरात बुडवली, तुकडे केले, दगड भरून तोंडं शिवली. दत्तोबांनी एकेक गाठोडं पायाभोवती आणि केबलच्या खाली-वर असं टेकवलं, जणू कोकरूच ठेवतायत. त्या वर्षीचा पूर आला आणि गेला. एक दगड हलला नाही. पुढं नायलॉनच्या जाळ्या आल्या, रीत तीच राहिली.

इथं टाळ्या घेऊन मी खाली बसू शकलो असतो. पण पुढचं सांगायला मला सहा वर्षं लागली आहेत.

त्या दिवाळीनंतरच्या सभेत आबांनी विचारलं होतं, “ही कल्पना कुणाची?” मी म्हणालो, “माझी.” दत्तोबा चहाचा ट्रे घेऊन दारात उभे होते. माझं कौतुक झालं, बढती झाली. त्याच सभेत त्यांना कायम करण्याचा विषय निघाला. कुणीतरी म्हणालं, यांचं विशेष काम काय? विषय पुढं ढकलला तो तीन वर्षं. मेंढरं गेली होती, वाघर गेली होती, आणि नोकरी रोजंदारीचीच राहिली. बोलायला हवं होतं मी. मला लाज वाटली, पण तोंड उघडलं नाही.

दत्तोबांनी कधी एक शब्द काढला नाही. गेल्या महिन्यात मी त्यांना मासिकातलं चित्र दाखवलं. डेन्मार्कच्या समुद्रात पवनचक्क्या उभ्या आहेत, पाया वाहू नये म्हणून तिथंही दगडांचा भराव घालतात, असं सांगितलं. चष्मा पुसत म्हणाले, “सुटाच टाकत्यात का वाघर लावत्यात? इचारा एकदा.”

मग आम्ही जॅकवेलवर गेलो. पाणी उतरलं होतं. केबलखाली काळी पडलेली वाघर अजून दगड धरून होती. मी म्हटलं, “दत्तोबा, सोडवून वहिनींना परत देऊ?” ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. राखतीया अजून.”

आबा, आपणास नम्र विनंती, त्या सभेच्या इतिवृत्तात आज दुरुस्ती व्हावी. कल्पना दत्तोबांची, वाघर सारजावहिनींची.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्याच्या ओघात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहानं पोटात घालावं. त्या सभेत बोललेल्या एका शब्दाची माफी मात्र मी या दोघांकडं मागतो. द्यायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.