पुलाचं मेडल

अरे, मी अमेरिकन मेडल जमवतो म्हटलं की डोंबिवलीत पहिला प्रश्न येतो, "कुठल्या स्पर्धेत मिळालं?" म्हणून मी ती कुणाला दाखवायचंच सोडलेलं. पण बाळकुमच्या सामंतकाकांकडे एक मुद्दाम घेऊन गेलो. काकांनी आयुष्यभर कारखान्यात साचे कोरले. दोन वर्षांपूर्वी त्यांची दृष्टी गेली आणि तेव्हापासून बोलणंही जवळजवळ थांबलेलं.

मी तळहाताएवढं ब्राँझचं मेडल त्यांच्या हातात ठेवलं. "काका, अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचा पूल पुरात वाहून गेला. गावकऱ्यांनी तो स्वतः परत बांधला, त्याची ही आठवण. दोर ओढणारी सहा माणसं आहेत बघा."

'बघा' म्हटलं आणि मी जीभ चावली. काकांचा अंगठा मात्र मेडलवरून सावकाश फिरत होता.

"सहा नाही, सात."

"काका, हे माझ्याकडे नऊ वर्षं आहे."

"असेल. शेवटच्या माणसाच्या मागे एक बाई आहे. डोक्याला रुमाल बांधलाय तिने."

मी भिंग लावून पाहिलं. बाई होती!

काका कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसले. मग त्यांनी मुलीला हाक मारली, "वैशू, उद्या थोडी शाडूची माती आण गं."

ती दारातच थबकली. "बाबा, गणपतीला अजून चार महिने आहेत."

"म्हणून तर आत्ता सांगतोय," काका म्हणाले. "हात बसायला तेवढे लागतीलच."