काकूंचे चाकरमानी

खेडच्या ट्रेकला माझी अशी जिरली म्हणून सांगू! दिवसभर डोंगर तुडवून आम्ही आमच्या वाटाड्या काकांच्याच घरी मुक्कामाला पोचलो. अंगणात काकू उभ्या. शेजारणीनं विचारलं, "कोण आलं गो?"

"चाकरमानी!" काकू ओरडल्या.

मी पडलो पुणेकर, चूक दाखवल्याशिवाय राहवतंय कुठं? "काकू, चाकरमानी म्हणजे मुंबईला नोकरी करणारी तुमची माणसं. आम्ही पाहुणे."

काका हसले. "वीस वर्षं मी मुंबईहून आलो की ही अशीच ओरडायची. आता इथंच असतो मी, तुम्हाला डोंगर दाखवत."

पाण्याचा तांब्या माझ्या हातात देत काकू म्हणाल्या, "पाय धुवा आधी. हे कायमचे घरी आले, म्हणून मी वाट बघायची सोडू होय?"