मल्हाररावांची भुतं, टाकाऊपासून भारीपर्यंत

आता तुम्हीच सांगा, एखाद्या लेखकाला पुण्याहून थेट बंगळूरला बोलवायचं, हार घालायचा, समोर खुर्चीत बसवायचं... आणि मग त्याच्याच कादंबऱ्या टाकाऊपासून भारीपर्यंत रांगेत उभ्या करायच्या? शोभतं का हो हे? पण नागनाथअण्णाला सांगणार कोण!

तुम्हाला सांगतो, हा अण्णा आमच्या चामराजपेटेतला, मूळचा बेळगावकडचा, सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन, आणि मल्हारराव धुमटकरांच्या भुतांचा असा वेडा, की वाचनालयात नवी कादंबरी आली की शिक्का वाळायच्या आत ह्याच्या पिशवीत! तर एकसष्ट साली आमच्या मंडळानं मल्हाररावांचा सत्कार ठरवला, आणि भाषण कुणाचं? अण्णाचं! शालनवहिनी, म्हणजे त्याची बायको, बिचारी म्हणाली, "अहो, स्वल्प गोड बोला हो, पाहुणे आहेत." तर हा म्हणतो, "गोडच बोलणार, पण शेवटी! आधी टाकाऊ, मग बरं, मग भारी. जिना चढल्यासारखं!" अरे, पण जिना मध्येच थांबला तर? पण नागनाथअण्णाला सांगणार कोण!

आम्हाला वाटलेलं, भयसम्राट म्हणजे लाल डोळे, दाढीबिढी... तर आले कोण? काडीसारखे म्हातारे गृहस्थ, गळ्यात मफलर, आणि माईक कुईं केला तर दचकले हो! शेजारी त्यांच्या पत्नी हेमलताबाई, शांतपणे स्वेटर विणत बसलेल्या.

अण्णा उभा राहिला. "सगळ्यात टाकाऊ, 'हाडळीचं हळदीकुंकू'! हाडळ वाण काय देते? कंगवा! ह्यात घाबरायचं काय?" झालं! श्रोत्यांतल्या चंपाअक्का ताडकन उठल्या. "टाकाऊ? अय्यो! माझ्या जावेला ते वाचून ताप आलेला!" अण्णा पुढे, "त्याहून जरा बरं, पण वाईटच, 'स्मशानातली शिकवणी'..." तर मागच्या रांगेतले आप्पाजी मास्तर खवळले, "माझं सगळ्यात आवडतं आहे ते!" हे ओरडतायत, ते ओरडतायत, पोरं हसतायत, आणि अध्यक्षांनी घंटा वाजवली. "वेळ संपली, आता चहा!" म्हणजे बघा, भारी पुस्तकापर्यंत गाडी पोचलीच नाही! मल्हारराव हसले, नारळ घेतला, पण अण्णानं पाहिलं, चहाला हात न लावताच ते उठले. घरी येऊन हा जेवला नाही.

सकाळी धावत लॉजवर! म्हातारबुवा वळकटी बांधत होते, हेमलताबाई खाटेवर विणत बसलेल्या. "या, या. तुमचं बरोबर होतं हो. म्हटलं, आता लिहिणं थांबवावं."

अण्णानं वळकटीचा दोरच धरला! "नाही हो साहेब! माझं भाषण अर्धं राहिलं! एक नंबर 'कोपऱ्यातली खुर्ची'! काय ते भूत! दिवसभर खुर्चीत बसून असतं, हाक मारली तर हूं नाही की चूं नाही, चहाचा कप मात्र रिकामा होतो, आणि त्या बाईला कळेनासं होतं, घरात आपण एकटी आहोत की कुणी आहे... साहेब, आठवडाभर मी खुर्चीत बसलो नाही! हे सुचलं कसं तुम्हाला?"

मल्हाररावांचा चेहरा असा उतरला म्हणता! "त्या वर्षी मला टायफॉइड झाला होता. प्रकाशक दारात बसलेला. ती... हिनं लिहिली."

अण्णाचा आ वासलेला. हेमलताबाई सुयांवरून मान वर न करता म्हणाल्या, "मी कुठं भुतं पाहिलीत? हे घरी लिहायला बसतात ना, त्यांच्याकडे बघून लिहिलं."

अण्णानं कशीबशी वळकटी उचलली, जटक्यात, म्हणजे आमच्याकडच्या टांग्यात, ठेवली, आणि हात जोडून म्हणाला, "काही असो साहेब, पण लिहिणं थांबवू नका."

मल्हाररावांनी मफलर गुंडाळला, बायको जटक्यात चढली का ते बघितलं, आणि हळूच म्हणाले, "कसला थांबवतोय! मी नुसता बसून राहिलो, तर ही आणखी एक लिहील!"