दोरीवरून उतरणारी पिशवी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या इमारतीत सगळ्यांचेच काका. वीजबचतीचा पुरस्कार द्यायला मुद्दाम वेळ काढून आलेल्या प्रमुख पाहुण्या, वीज विभागाच्या अधिकारी मॅडम. व्यासपीठाच्या अगदी कडेच्या खुर्चीत, कुणाला अडचण होऊ नये अशा बेताने बसलेल्या पिशवीकाकू. तळमजल्याच्या या सभागृहात दाटीवाटीने बसलेले माझे सर्व शेजारी. आणि मागे दाराशी उभे असलेले माझे बाबा, जे बसले असते तर मला जरा धीर आला असता: आपणा सर्वांना माझा नमस्कार.

माझा आवाज लहान आहे. हो काका, माईक जवळ घेते. मला आयत्या वेळी बोलता येत नाही, म्हणून सगळं लिहून आणलं आहे आणि लिहिलं आहे तसंच वाचणार आहे. मध्येच थांबले तर विसरले असं समजू नये. पुढचं वाक्य वाचायचं धाडस गोळा करते आहे, असं समजावं.

आजचा कार्यक्रम दुहेरी आहे. इमारतीचा सत्कार आणि काकूंना निरोप. पत्रिकेत या दोन गोष्टी एकीखाली एक छापल्या आहेत, जणू त्यांची एकमेकींशी ओळखही नाही. ती ओळख करून द्यावी, एवढ्यासाठीच मी उभी आहे.

मॅडम, आपण काकूंना आज प्रथमच भेटलात. त्या शेवटच्या मजल्यावर राहतात आणि शिवणकाम करतात. बेतून उरलेल्या कापडाच्या पिशव्या शिवतात, म्हणून त्या पिशवीकाकू. प्लास्टिकची पिशवी घेऊन कुणी फाटकातून आत शिरलं, की काकू त्याला जिन्यापाशी गाठायच्या, आतला माल आपल्या कापडी पिशवीत ओतायच्या आणि म्हणायच्या, “परत नाही दिलीस तरी चालेल. पण वापरली नाहीस तर घरी येऊन बघेन.” आणि खरोखर यायच्या. आल्या की स्वयंपाकघरात डोकवायच्या, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालायला लावायच्या, गळणाऱ्या नळाखाली भांडं सरकवायच्या आणि नळ दुरुस्त होईपर्यंत रोज चौकशी करायच्या. माझ्या बाबांना तर त्यांनी एकदा दारातूनच विचारलं होतं, “भाऊजी, दाढी करताय की बेसिनला आंघोळ घालताय?” तेव्हापासून आमच्याकडे दाढी नळ बंद करून होते. आपल्या सत्कारात ज्या लहानसहान सवयींचं कौतुक झालं, त्यांतली कुठलीही सवय घ्या. ती या इमारतीत काकूंच्या तोंडातून आली आहे. वीजबचत समिती नंतर आली.

समितीत मला घेतलं, कारण मी परीक्षेत पहिली आले होते आणि काका म्हणाले, “हिचं मराठी चांगलं आहे, लिहायला बरी पडेल.” पहिल्याच सभेत मी लिफ्टचा प्रस्ताव मांडला. दिवसभर लिफ्ट बंद ठेवावी, सर्वांनी जिना वापरावा. ज्यांना शक्य नसेल त्यांनी खाली पहारेकऱ्याला फोन करावा, तो लिफ्ट सुरू करून देईल. सर्वात आधी हात वर झाला तो काकूंचा. सर्वात मोठ्यानं पाठिंबा दिला तो अध्यक्षांनी. अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहतात, हे मी केवळ पाहुण्यांच्या माहितीसाठी सांगते. आम्ही दुसऱ्यावर राहतो, हेही सांगायला हवं.

लिफ्टच्या दाराशेजारी लावायला एक वाक्य हवं होतं. मी पुष्कळ खाडाखोड केली आणि लिहिलं: “पाय आहेत ज्यांना, लिफ्ट कशाला त्यांना?” सगळ्यांना फार आवडलं. कुणी फोटो काढले, कुणी पाठ केलं. मलाही आवडलं होतं. लिहिताना मी त्याची लय ऐकत होते. ते वाचायला कोण उभं राहणार आहे, हे डोळ्यांसमोर आणलंच नाही.

त्यानंतर काही दिवसांनी शेवटच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली एक पिशवी खाली उतरू लागली. भाजीवाला त्यात भाजी घाली, औषधाच्या दुकानातला माणूस गोळ्या ठेवी, शिवायला द्यायचं कापडही त्यातूनच वर जाई. सर्वांना मोठी गंमत वाटली. येणारेजाणारे थांबून बघत. मीही थांबून बघितलं, छायाचित्र घेतलं आणि पुरस्कारासाठी पाठवलेल्या अहवालात ते पहिल्याच पानावर लावलं. खाली ओळ लिहिली: “विजेविना वाहतूक: एका ज्येष्ठ रहिवासी महिलेची कल्पक सवय.” मॅडम, एवढं माझ्या कागदावर नाही, पण मघाशी आपण त्या छायाचित्राचा खास उल्लेख केलात. सभागृहात टाळ्या झाल्या. मी मान वर केली नाही, ती विनयामुळे नव्हे.

परवा संध्याकाळी, निरोपाला उत्तर म्हणून दोन शब्द बोलाल का, असं विचारायला मी काकूंकडे गेले. घरात खोकी भरून ठेवलेली होती. शिवणयंत्रावर चादर घातली होती. काकू खुर्चीतूनच म्हणाल्या, “ये गं. चहा तुलाच करावा लागेल.”

चहा करताना मी म्हटलं, “तुम्ही राहायला येणार म्हणून मुलगी खूश असेल तुमची.”

“ती कधीपासून बोलावतेय. मीच जात नव्हते. तिच्या घरात सगळी माणसं शहाणी आहेत, मी कुणाला रागवायचं तिथे?”

“मग आता का निघालात?”

“आता इथेही कुणाला रागवायला मिळत नाही.” त्यांनी गॅलरीकडे हात केला. “भाजी येते वर. माणूस येत नाही. दोरीशी भांडता येत नाही गं.”

मी अगदी समितीच्या आवाजात म्हटलं, “पण काकू, एक फोन केला असतात तर लिफ्ट सुरू झाली असती. नियमातच तशी सोय आहे.”

“केला होता की. एकदा. खाली पोचले तर तुमचे अध्यक्ष दारातच. म्हणाले, ‘काय काकू, आज गुडघे रजेवर?’ सगळे हसले. मीही हसले. विनोद चांगला होता.” मग म्हणाल्या, “पण कोथिंबीर आणायला जायचं, तर रोज आधी कोण हसं करून घेईल?”

मी चहा गाळून त्यांच्यापुढे धरला. त्या कप हातात घेत म्हणाल्या, “आणि तुझं ते वाक्य. छान लिहिलंयस. फक्त वाचलं की मला दर वेळी खाली वाकून आपले पाय बघावेसे वाटायचे, आहेत का नाहीत ते.”

हे त्या टोमण्यानं बोलल्या नाहीत. टोमणा त्यांना उत्तम जमतो, हे बाबा सांगतील. म्हणूनच मला ते ऐकवेना.

अध्यक्ष महोदय, आपल्याला दोष द्यावा म्हणून मी हे सांगितलं नाही. आपण एकदा विनोद केलात. मी तसलाच विनोद त्याआधीच रंगवून भिंतीवर लावला होता. तरी मला आपल्या सर्वांना एक विचारायचं आहे. शेवटच्या मजल्यावरची एक बाई, जी दिवसातून चार घरांत डोकावल्याशिवाय राहत नव्हती, ती खाली दिसेनाशी झाली, तेव्हा आपल्यापैकी कुणाला चुकल्यासारखं वाटलं? आपण काय समजलो? त्यांनीही चांगली सवय लावून घेतली, असं समजलो. काकूंनी आम्हाला लावलेली प्रत्येक सवय आमच्या आळसातून वजा होत होती. मी लावलेली सवय काकूंच्या गुडघ्यांतून वजा झाली आणि पुरस्कार मात्र मी स्वीकारला.

वीज वाचवू नये, असं माझं म्हणणं नाही. मी जिना चढतेच आणि चढणार. माझी हरकत त्या सोयीला आहे, जी आपण मोठ्या मनानं ठेवली आणि जिच्यासाठी भल्या माणसाला सगळ्यांसमोर आपलं दुखणं सांगावं लागतं. आज सकाळपासून लिफ्ट चालू आहे. कुणीही फोन केलेला नाही. पाहुण्या येणार होत्या, म्हणून आपल्याला ते न सांगताच सुचलं. मॅडम, यात आपला काहीच दोष नाही.

म्हणून अध्यक्षांकडे माझी एकच विनंती आहे. उद्यापासून लिफ्ट रोज चालू ठेवावी, कुणी मागो वा न मागो. ज्यांना जिना जमतो ते जिन्यानं जातील. न जमणाऱ्यांचं कारण कुणी विचारू नये. काकू राहणार की जाणार, यावर हा निर्णय अवलंबून नसावा. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी हल्ली दोन पावलांवर थांबून श्वास घेतात, आणि त्यांनीही अजून कुणाकडे काही मागितलेलं नाही.

प्रथेप्रमाणे आता मी काकूंना पुष्पगुच्छ द्यायचा आहे आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याला शुभेच्छा द्यायच्या आहेत. पुष्पगुच्छ देते. शुभेच्छा मला जमत नाहीत. ‘काकू, जाऊ नका’ असंही मी इथून म्हणणार नाही. एवढ्या लोकांत कुणी गळ घातली, तर माणसाला नाही म्हणता येत नाही.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल समितीची, शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल पाहुण्यांची आणि आपणा सर्वांची मी ऋणी आहे. बोलण्यात कुणाचा अधिक्षेप झाला असेल, वेळ जास्त घेतला असेल, समारंभाचा आनंद कमी केला असेल, तर सभागृहानं मला उदार मनानं क्षमा करावी. काकू, तुमच्याकडे मात्र मी ती आत्ता मागत नाही. भरल्या सभेत मागितली, तर तुम्हाला हसून द्यावी लागेल. उद्या सकाळी मी वर येईन. दार उघडायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.