देवदारावरचं दगडफूल

दातांच्या दवाखान्यात शिंपीणबाई नंबरची वाट पाहत होत्या. शेजारी सरकारी बागेतला माळी आणि त्याची थोरली बहीण, कॉलेजातली वनस्पतिशास्त्राची बाई, हळू आवाजात भांडत होती.

"तारेच्या ब्रशने घासलंस? खोडावरचं दगडफूल?"

"पाहुणे येणार होते, ताई. साहेब म्हणाले, देवदारावर बुरशी चढलीय."

"बुरशी म्हणे! झाडाच्या केसालाही धक्का लावत नव्हतं ते."

"देवदाराला पाटी आहे, कुंपण आहे. याला कोण विचारतं?"

"देवदार वर्षाला वीतभर वाढतो. हे नखाएवढं व्हायला दहा वर्षं लागतात! बावीस वर्षं दोऱ्याने मापं घेतली मी."

"मला काय ठाऊक?"

"दोऱ्याचं दुसरं टोक कोण धरायचं रे?"

माळ्याचा नंबर पुकारला. तो उठलाच नाही.